मदत हवी आहे: थॅडियस स्टीव्हन्सवरच्या भाषणात १८२१चा खटला कुठे घ्यावा?

नमस्कार मंडळी,

११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला, आमच्या गावच्या वाचनालयात मला अर्धा तास बोलायचं आहे. जोतिरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्यांच्यातल्या एकाची तरी गावाला नीट ओळख व्हावी, असं फार वाटतं. लिंकन सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून मी थॅडियस स्टीव्हन्स निवडले.

जन्म १७९२चा, व्हरमाँटमधला. एक पाय जन्मापासून वाकडा. वडील घर सोडून गेले, आईनं कष्टानं शिकवलं. पेनसिल्व्हेनियात वकिली, मग राजकारण. माझ्या भाषणाचा गाभा १८३५चा आहे, आणि तारीखही ११ एप्रिलच! आदल्या वर्षी राज्यात मोफत शाळांचा कायदा झाला होता. करदाते खवळले, वरच्या सभागृहानं तो रद्द करायचं ठरवूनही टाकलं. त्याऐवजी फक्त गरिबांच्या पोरांना फुकट शिकवायचं, असा बेत होता. स्टीव्हन्सनी खालच्या सभागृहात सांगितलं, की हा गरिबांवर डाग द्यायचा कायदा आहे. त्या भाषणानंतर मतं फिरली आणि शाळा वाचल्या. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

पण १८२१मध्ये याच माणसानं एका गुलाम-मालकाचं वकीलपत्र घेतलं होतं. पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिलेला गुलाम मुक्त होई. चॅरिटी बटलर ही बाई मालकिणीबरोबर तिथे येऊन-जाऊन राहिली होती. हे सहा महिने सलग हवेत, तुकड्यांची बेरीज चालणार नाही, असा युक्तिवाद करून स्टीव्हन्स जिंकले आणि ती आपल्या मुलांसकट गुलामीतच राहिली. हे लपवायचं नाही, एवढं पक्कं आहे. पण समोर शाळेतली मुलंही असतील. कुठे आणि कसं सांगू?

दुसरं, गुलामी संपल्यावर मुक्त झालेल्यांना जमीन द्यायची त्यांची योजना का फसली, हे मला दोन-चार वाक्यांत मांडता येत नाहीये. जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद:

दादा, विषय उत्तम निवडलात. खटला शाळेच्या आधी, त्याच्या काळाच्या जागीच सांगा आणि त्या बाईचं नाव घेऊन सांगा. लगेच कारणं देत बसू नका. पुढचं आयुष्य क्रमानं आलं की मुलांना आपोआप कळेल. पेनसिल्व्हेनियाच्या १८३८च्या राज्यघटनेत मतदान फक्त गोऱ्यांना ठेवलं, म्हणून स्टीव्हन्सनी तिच्यावर सही केली नाही. १८५१मध्ये त्याच राज्यातल्या ख्रिस्तियाना गावी पळालेल्या गुलामांना पकडायला आलेला मालक मारला गेला आणि लोकांवर राजद्रोहाचे आरोप झाले; तेव्हा बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होते. ज्युरीनं पहिल्याच आरोपीला निर्दोष सोडलं.

जमिनीचं असं. सप्टेंबर १८६५मध्ये लँकेस्टरच्या भाषणात त्यांनी सांगितलं, की नुकत्याच संपलेल्या यादवी युद्धात (१८६१–६५) गुलामी टिकवायला लढलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करा, प्रत्येक मुक्त प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या, उरलेली विकून युद्धाचं कर्ज फेडा. अडवलं कोणी? त्यांच्याच रिपब्लिकन पक्षानं. मतदानाचा हक्क द्यायला ते तयार झाले, पण खासगी मालमत्तेला हात लावायचा म्हटल्यावर मागे सरले. त्यात अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन माफी मिळालेल्या मालकांना जमिनी परत करत सुटले होते. कापसाचाही संबंध आहे. त्या युद्धात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, हे तुमच्या श्रोत्यांतल्या वडीलधाऱ्यांना माहीत असेल. युद्ध संपल्यावर अमेरिकेच्या उत्तरेतल्या गिरण्यांना दक्षिणेचा कापूस पुन्हा हवा होता, आणि स्वतःची जमीन मिळालेला माणूस आधी पोटापुरतं धान्य पेरणार, ही धास्ती होती.

अर्ध्या तासातली दहा मिनिटं तरी जमिनीला द्या. स्टीव्हन्सनी पुढाकार घेतलेला जॉन्सनवरचा महाभियोग (अध्यक्षाला पदावरून काढायचा खटला) सिनेटमध्ये एका मतानं हुकला, ते एका वाक्यात उरका.