जुने इंद्रजाल, चांदोबा विकायचे आहेत: ग्रेडिंगने भाव किती फिरतो?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार मंडळी. अशोक चौकाकडच्या एका घरातला जुना संग्रह विकायचा आहे आणि भाव ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. लोखंडी ट्रंकेत साधारण अडीचशे अंक आहेत. बरेचसे मराठी इंद्रजाल, म्हणजे वेताळ, मँड्रेक आणि बहादूर. त्याखालोखाल इंग्रजी अमर चित्र कथा, मराठी चांदोबा, आणि घर सोलापूरच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागातलं असल्यामुळे तेलुगू चंदामामाही बरेच. इंद्रजालचे सहा जाड खंड बाइंड केलेले आहेत, त्यांवर वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे. शिवाय मार्व्हल या अमेरिकन कंपनीचे चार कॉमिक्स, पण त्यांच्यावर किंमत सेंटमध्ये नसून पेन्समध्ये आहे.

एक जण सरसकट अंकाला ४० रुपये द्यायला तयार आहे. दुसऱ्याचं म्हणणं, अमेरिकेतून ग्रेडिंग करून, म्हणजे अंकाची अवस्था तपासून आकडा घेऊन, प्लास्टिकच्या केसमध्ये बंद करून आणा, दहापट येतील. त्याआधी गंजलेल्या पिना बदला, टेप काढा आणि चुण्यांवर हलकी इस्त्री फिरवा, असंही तो सांगतो. हे करावं का? आणि ग्रेडिंगला पाठवायचेच झाले तर कोणते?

कणा_आणि_पिना

दादा, आधी सगळ्यात महत्त्वाचं: इस्त्री, पिना, टेप, खोडरबर, यातलं काहीही करू नका. कारण खाली सांगतो.

४० रुपयांना ट्रंक देऊ नका आणि दहापटीवरही जाऊ नका. दोन्ही आकडे अंक न उघडता सांगितलेले आहेत.

ग्रेडिंग करणारी सर्वांत मोठी कंपनी सीजीसी. अमेरिकेत फ्लोरिडाला आहे, २००० पासून हे काम करते. अंक तपासून ०.५ ते १०.० मधला आकडा देतात आणि केसमध्ये सीलबंद करतात. ९.४ म्हणजे निअर मिंट, ८.० व्हेरी फाइन, ६.० फाइन, ४.० व्हेरी गुड, २.० गुड. नावांवर जाऊ नका, 'गुड' हा चांगलाच झिजलेला अंक असतो. आकड्याइतकाच लेबलचा रंग बघायचा. निळं म्हणजे साधं, पिवळं म्हणजे त्यांच्या माणसासमोर सही झालेला अंक, हिरवं म्हणजे एखादा मोठा दोष बाजूला ठेवून दिलेला आकडा, आणि जांभळं म्हणजे अंकावर दुरुस्ती झालेली आहे. जांभळ्या लेबलचा अंक त्याच आकड्याच्या निळ्यापेक्षा बराच कमी भावाने जातो. रंग भरणं, कडा कापणं, फाटलेलं चिकटवणं हे सगळं त्यांच्या नजरेला येतं. बदललेल्या पिनाही लेबलवर नोंदल्या जातात.

अमेरिकन अंकांत वरच्या टोकाला भाव एकदम चढतो. ९.६ आणि ९.८ मधला फरक साध्या डोळ्याला दिसत नाही, पण किमतीत दुपटीचाही पडू शकतो. स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो १९६२ चा अमेझिंग फँटसी १५ घ्या. छापील किंमत १२ सेंट. त्याची ९.६ ची प्रत २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेली. तोच अंक फाटका-तुटका असेल तर त्याच्या अगदी छोट्या हिश्शात मिळतो. तिथे प्रती भरपूर टिकल्यात, त्यामुळे घेणारा उत्तमातली उत्तम शोधतो.

इंद्रजालची गोष्ट उलटी आहे. १९६४ ते १९९० मध्ये ८०० च्या वर अंक निघाले, पण ते हातोहात वाचले गेले, भाड्याने फिरले आणि शेवटी रद्दीत गेले. उरलेल्यांतले बहुतेक २ ते ५ च्या दरम्यान बसतात. इथला गिऱ्हाईक आधी विचारतो क्रमांक कोणता, भाषा कोणती, अंक पूर्ण आहे का. ३.० आणि ४.० यात तो फार घासाघीस करत नाही. पान कमी असेल तर मात्र भाव निम्म्याच्याही खाली येतो.

म्हणून पहिलं काम पानं मोजण्याचं. मधोमध पिना मारलेल्या अंकात एका तावाची चार पानं होतात, त्यामुळे आतली पानं नेहमी चारच्या पटीत भरतात. ३२ पानी अंकात समोरासमोरच्या जोडीची बेरीज ३३ येते. ५-६ हे पान गेलं असेल तर २७-२८ पिनेतून सुटून हलायला लागतं. एखादं पान सैल लागलं की त्याचा जोडीदार आहे का ते लगेच बघा. मधलं जोडपान पिनेवरून अलगद निघतं, म्हणून तेच सर्वांत जास्त वेळा गायब असतं. कूपन, शब्दकोडं, पोस्टर कापून घेतलंय का तेही तपासा.

मग कणा, म्हणजे अंकाची दुमडलेली, पिनांची बाजू. अंक टेबलावर ठेवून टॉर्च जवळजवळ आडवा धरा. कण्याजवळ बारीक आडव्या रेघा दिसतील. रेघेत शाई तुटून पांढरा कागद दिसत असेल तर तो कायमचा दोष. शाई शाबूत असेल तर फक्त दाब पडलेला आहे, आणि तो जाणकाराच्या प्रेसमध्ये बसू शकतो. अशा प्रेसिंगला सीजीसी दुरुस्ती मानत नाही. पण ते मोजक्या उष्णतेचं, ओलाव्याचं आणि दाबाचं काम आहे. घरच्या इस्त्रीने मुखपृष्ठाची चकाकी मरते, शाई समोरच्या पानावर उतरते आणि वाफेने पिना आणखी गंजतात.

छापा_ओळखा

वरचं सगळं बरोबर, पण त्याही आधी छापा ओळखा, म्हणजे प्रत पहिल्या छपाईची की नंतरच्या ते. अमर चित्र कथेत निम्मी फसगत इथेच होते. मालिका १९६७ ची, पण तेच अंक तोच क्रमांक ठेवून वर्षानुवर्षं पुन्हा छापले गेले. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे, म्हणून ११ वा 'कृष्ण' हाती लागला की लोकांना घबाड मिळाल्यासारखं वाटतं. तो बहुतेक वेळा पुनर्मुद्रण असतो. पुनर्मुद्रण ९ च्या ग्रेडचं असलं तरी पहिल्या छाप्याच्या ३ शी त्याची बरोबरी होत नाही.

ओळखायचं कसं? पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. पत्त्यात तो असेल तर ती प्रत त्याआधीची असूच शकत नाही. बॉम्बेऐवजी मुंबई छापलं असेल तर १९९५ नंतरची. बारकोड किंवा आयएसबीएन दिसला तर बोलायलाच नको. मलपृष्ठावरची आधी निघालेल्या अंकांची यादी शेवटपर्यंत वाचा. हातातल्या अंकाचा क्रमांक ४० आणि यादी २०० पर्यंत जात असेल तर छापा कधीचा ते उघड आहे. किमतीवर नवीन किमतीचं स्टिकर असेल तर ते खरवडू नका, उजेडासमोर धरून खालचा आकडा वाचता येतो.

चांदोबाला हाच नियम पैशांवरून लावा. मूळ चंदामामा १९४७ चा, तेलुगू आणि तमीळमध्ये. मराठी चांदोबा १९५२ पासून. किंमत आण्यात असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीचा अंक, 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. ट्रंकेत आण्यातले तेलुगू अंक निघाले तर ते मराठीच्या गठ्ठ्यात घालून देऊ नका. त्यांचा गिऱ्हाईक हैदराबाद-विजयवाड्याकडचा, आणि तो तिकडच्या हिशेबाने पैसे मोजतो.

इंद्रजालमध्ये नंतरच्या वर्षांत सलग क्रमांक बंद होऊन वर्ष आणि अंक अशी मोजणी आली. यादी करताना दोन्ही एकत्र करू नका, नाहीतर उशिराचा 'अंक ५' सुरुवातीचा समजून विकला जाईल आणि पार्सल परत येईल.

नवीपेठ_बाइंडिंग

खंडांबद्दल. बाइंडर शिवणीनंतर तीन बाजू मशीनवर कापतो, त्यामुळे आतला प्रत्येक अंक दोन-चार मिलिमीटरने लहान झालेला असतो. पट्टी लावून सुट्या अंकाशी रुंदी ताडून बघा, वर आणि खाली दोन्ही ठिकाणी. किमतीचा चौकोन किंवा शीर्षक कडेला अगदी टेकलेलं असेल तर कापणी झालीच आहे. कण्यापासून चार-पाच मिलिमीटरवर सुईची भोकंही असतात. अशा अंकाला ग्रेडिंगमध्ये चांगला आकडा मिळत नाही.

म्हणून खंड सोडवून अंक सुटे करायचा मोह टाळा. खळ पक्की बसलेली असते, सोडवताना मुखपृष्ठाचा कणाच निघून येतो. सलग क्रमांकांचा पूर्ण खंड, मुखपृष्ठांसकट बांधलेला असेल तर वाचायला घेणारे लोक खंड म्हणूनच घेतात. काही बाइंडर मुखपृष्ठं काढून टाकायचे, तेवढं आधी बघा. वाचनालयाचा शिक्का लपवू नका, खोडू नका. जाहिरातीत शिक्क्याचा फोटो द्या, आणि अंक वाचनालयातून रीतसर रद्द झालेत ना, हे घरच्यांना विचारून घ्या.

पूर्वभाग_सोलापूर

खूप आभार. दहा-बारा अंक मोजले, एकात मधलं जोडपान नाही. पिना बऱ्याच ठिकाणी गंजल्यात आणि काही पानांना कडेने नक्षीसारखं खाल्लेलं आहे. सोलापूरची हवा कोरडी, मग गंज कुठून आला? ट्रंक पत्र्याच्या खोलीत होती, आता हॉलमध्ये आणली आहे, तिथे उन्हाळाभर कूलर चालतो. ग्रेडिंगच्या खर्चाचंही कुणी सांगा.

कोरडी_हवा

गंजाचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. बाहेर ४२ अंश आणि हवा सुकी, आत कूलर पाण्याची हवा फेकतो. दुपारी दमट, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा कोरडं. कागद रोज फुगतो आणि आकसतो, पिनेभोवती ओल धरते. त्या गंजाचा तपकिरी डाग पुढे कागदात उतरतो, आणि मग पिनेपाशीच पान तुटतं. पत्र्याखालची खोली वेगळ्या कारणाने वाईट. वर्तमानपत्री कागदात लिग्निन आणि आम्ल असतं, उष्णतेने तो लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो. ग्रेडिंगच्या लेबलवर पानांचा रंगही नोंदतात, पांढरं, ऑफ व्हाइट, क्रीम असा. पानं ठिसूळ ठरली तर आकडा खाली ओढला जातो.

ट्रंक कूलर नसलेल्या आतल्या खोलीत हलवा, तळमजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत. ओलावा मोजायचं छोटं डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतं. ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिलं की झालं. आपल्याकडे उन्हाळ्यात सिलिका जेलची पाकिटं भरून ठेवायची गरज नाही, उलट पानं जास्त कडक होतात. पावसाळ्यात चालतील.

नक्षी कसरीची आहे. डांबरगोळ्या घालू नका, वास कागदात मुरतो आणि घेणारा तिथेच मागे सरतो. कडुलिंबाच्या पाल्याचे डाग पडतात. लागण झालेले अंक जाड पिशवीत हवा काढून बंद करा, घरच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं.

ठेवायला पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा नको. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पिशवी तर अजिबात नको, ती वर्षा-दोन वर्षांत शाईला चिकटते. लॅमिनेशन केलेला अंक मात्र गेलाच समजा, त्यावर उपाय नाही.

कणा_आणि_पिना

खर्चाचं. फी अंकाच्या किमतीनुसार बदलते. तिच्यावर जायचं-यायचं कुरिअर, विमा आणि परत येताना कस्टम्सची कटकट. आता हिशेब असा. समजा सुटा अंक २,००० ला जातो आणि सगळा खर्च ७,००० येतो. केसमधला अंक ९,००० ला गेला तर तुम्ही जिथल्या तिथे, वर सहा महिने पैसे अडकले. म्हणजे केसमुळे भाव किमान पाचपट व्हायला हवा. ४.० च्या मराठी इंद्रजालला असा भाव मिळत नाही. शिवाय इथल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना अंक उघडून वाचायचा असतो, त्यांना केस नकोच.

'जगातली सर्वोच्च ग्रेडची प्रत' या जाहिरातीलाही फसू नका. सीजीसीच्या नोंदवहीत भारतीय अंक फार थोडे आहेत. एकच प्रत पाठवलेली असेल तर ३.५ सुद्धा सर्वोच्च ठरते.

छापा_ओळखा

थोडा वेगळा विचार मांडतो. इंद्रजालच्या पहिल्या दहातला एखादा अंक, पूर्ण, कापणी न झालेला निघाला तर तो पाठवावा असं माझं मत. तिथे केसचा उपयोग आकड्यासाठी कमी आणि खात्रीसाठी जास्त. पानं मोजलेली आहेत, रंग भरलेला नाही, झेरॉक्स मुखपृष्ठ जोडलेलं नाही, हे तिसऱ्याने लिहून दिलेलं असतं. परगावचा माणूस मोठी रक्कम त्याच भरवशावर पाठवतो. तरीही केस म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. २०२३ च्या शेवटी केस उघडून आतला अंक बदलल्याची प्रकरणं अमेरिकेत बाहेर आली. केसमधला अंक घेताना लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा, फोटो असेल तर तो ताडायचा.

पेन्सवाले मार्व्हल टाकाऊ समजू नका. १९६० पासून ब्रिटनसाठीच्या प्रती अमेरिकेतल्याच छापखान्यात, त्याच वेळी छापल्या जात, फक्त किमतीचा भाग बदलायचा. सेंटवाल्यापेक्षा भाव थोडा कमी, पण खरा अंक आहे. चारही अंकांची नावं आणि क्रमांक इथे टाका. एखाद्या पात्राचा पहिला अंक निघाला तर पाठवण्यासारखा तोच.

बाकीच्यांसाठी प्रत्येकी सहा फोटो पुरेत: पुढचं, मागचं, मुखपृष्ठाच्या आतल्या दोन्ही बाजू, मधलं जोडपान पिना दिसतील असं, आणि कणा पट्टी लावून. स्कॅनर वापरलात तर अंक काचेवर दाबून सपाट करू नका, कणा तिथेच तुटतो. वर्णनात आकडा न देता दोष लिहा: 'पिना गंजलेल्या, मागे दोन सेंटिमीटर फाटलेलं, आतली ३२ पानं पूर्ण.' आणि जोडपान नसलेला तो अंक वेगळा ठेवा, त्याच क्रमांकाची मुखपृष्ठ नसलेली प्रत असलेला कुणीतरी तो पानांसाठी घेतो.