बोइंक: प्रोसेसर 100 टक्के, ग्राफिक्स कार्ड 2 टक्के. उन्हाळ्यात नीट कसं चालवायचं?

विजापूर वेस:
रायझन 5 5600 (12 थ्रेड, म्हणजे एकावेळी 12 कामं; सोबत आलेलाच कूलर), जीटीएक्स 1660 सुपर, 16 जीबी रॅम, विंडोज. बोइंकवर (पीसीची रिकामी ताकद विज्ञान प्रकल्पांना देणारं सॉफ्टवेअर) आइन्स्टाइन ऍट होम हा खगोलशास्त्राचा प्रकल्प चालू आहे, प्रोसेसर आणि कार्ड दोन्हीकडची कामं घेतोय. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 100 आणि कार्ड जेमतेम 2 टक्के दिसतं. सोलापुरात पारा 42 वर गेलाय, प्रोसेसर 88 अंशांवर. बोइंकच्या सेटिंगमध्ये सीपीयू टाइम (प्रोसेसरने किती टक्के वेळ काम करायचं) 60 टक्के केला तर चालेल का?

थ्रेडमोजणी:
आधी ते 2 टक्के. टास्क मॅनेजर कार्डाच्या पानावर '3डी'चा आलेख दाखवतो, गणनेचं काम त्यात धरलं जात नाही. आलेखाच्या नावावर क्लिक करून 'कुडा' किंवा 'कम्प्यूट' निवडा, नाहीतर कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये सरळ लोड बघा.

तिथेही आकडा खालीवर होत असेल तर कार्डाला प्रोसेसर वेळेवर मिळत नाहीये. एनव्हिडियावर ओपनसीएलचं (कार्डावर गणना करायची एक पद्धत) काम बहुतेक वेळा एक अख्खा थ्रेड खातं, कारण कार्डाचं उत्तर येईपर्यंत तो थ्रेड झोपत नाही, सारखा विचारत राहतो. पण कामासमोर '0.9 सीपीयू + 1 जीपीयू' लिहिलेलं असेल तर बोइंक 0.9 साठी थ्रेड मोकळा ठेवत नाही. वर आणखी 12 कामं लावतं आणि कार्ड ताटकळतं.

म्हणून बोइंकच्या सेटिंगमध्ये वापरायच्या प्रोसेसरची संख्या 92 टक्के करा: 12 पैकी 11 थ्रेड. 91 लिहिलंत तर 10.92 येतात आणि बोइंक अपूर्णांक सोडून 10 च धरतं. कार्डावर एकावेळी दोन कामं हवी असतील तर प्रकल्पाच्या संकेतस्थळावर जीपीयू युटिलायझेशन फॅक्टर (एका कामाला कार्डाचा किती वाटा) 0.5 करा. नवीन काम उतरल्याशिवाय तो बदल लागू होत नाही.

कंबर तलाव:
सीपीयू टाइमला हात लावू नका, 100 च राहू द्या. तो कमी केला की बोइंक कामं क्षणाक्षणाला थांबवतं आणि सोडतं. तापमान हेलकावे खातं, पंख्याचा आवाज सतत चढउतार करतो.

त्यापेक्षा संख्या 50 टक्क्यांवर आणा. 6 कोरवर 6 कामं म्हणजे उत्पादन निम्मं होत नाही, कारण एका कोरचे दोन थ्रेड तसेही एकमेकांची ताकद वाटून घेतात. बायोसमध्ये 45 वॉटचा इको मोड (प्रोसेसरची वीज कमी ठेवणारी सेटिंग) लावा. कार्डाला आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट 75 टक्के. 125 वॉटचं कार्ड साधारण 94 वर येईल आणि वेग त्या मानाने फारच थोडा उतरेल.

आणि जाळी बघा. घराजवळ यंत्रमाग असतील तर सुताचा तूस कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा बसतो. नुसता ब्लोअर मारून तो निघत नाही. पंखा सोडवून ब्रशने काढावा लागतो.

विजापूर वेस:
92 केल्यावर कार्डाचा लोड स्थिर झाला, आभार! आता वीजबिल आणि लाईट जाणं, याचं काय?

सिद्धेश्वर पेठ:
भिंतीवर 220 वॉट धरले तर चोवीस तासांचे 5.28 युनिट, महिन्याला 158. घरचा वापर 150 असेल तर तुम्ही 300 चा टप्पा ओलांडता आणि वरचे युनिट महाग पडतात. वेळापत्रकात रात्री 10 ते सकाळी 8 ठेवा: 66 युनिट, शिवाय खोलीही थंड. कामाचा साठा 0.1 दिवसापुरताच घ्या, म्हणजे मुदत चुकणार नाही.

लाईट गेली की शेवटच्या चेकपॉइंटपासूनचं (काम जिथवर जतन झालं ती जागा) तेवढं काम पुन्हा होतं. कार्डाचं काम नुसतं थांबवलं तरी मेमरीतून निघतं आणि चेकपॉइंटपासूनच पुन्हा सुरू होतं, त्यामुळे सारखं पॉज करू नका. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये बदल होताना लागणाऱ्या वेळात पीसी रिस्टार्ट होऊ शकतो.