मिक्सर ओढताना चढाला जीव जातोय, टायमिंग पुढं घेऊ काय?

खानापूरचा स्लॅबवाला
2002 ची पिकअप आहे, साधं डिझेल इंजिन, टर्बो नाही, डिझेलचा पंप रोटरी. मागं स्लॅबचा मिक्सर लावून गावोगाव फिरतो, लिफ्टसकट. प्लेनला काही तक्रार नाही. जांबोटी सोडून कणकुंबीकडं चढ लागला की दुसऱ्यातच रडायला लागते, मागं काळाकुट्ट धूर, आणि वर पोचेपर्यंत टेंपरेचरचा काटा तांबड्याला टेकतो. गॅरेजवाला म्हणतोय पंप जरा फिरवून टायमिंग अ‍ॅडव्हान्स करूया, म्हणजे डिझेल जरा आधी फवारलं जाईल, गाडी उडेल. आधीच्या मालकानंही असलंच कायतरी केलं होतं म्हणे. करू काय? पावसाच्या आत चार स्लॅब टाकायचेत, गाडी उभी करून चालत नाही.

पंपरूमवाले काका
बाळा, आधी पाना खाली ठेव. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, टायमिंगचा नंबर त्यानंतर. टायमिंग मागं पडलं की सकाळी थंड इंजिनला डोळ्याला झोंबणारा पांढरा धूर येतो, दम जातो, हीटही होते. पुढं गेलं की आयडलला, म्हणजे गाडी जागेवर चालू असताना, खडखड, डब्यात खिळे घालून हलवल्यासारखी. तुझी कशी वाजते ते लिहिलंच नाहीस.

अ‍ॅडव्हान्स केलेली गाडी प्लेनला चपळ वाटते, माणूस फसतो तो तिथं. ओझं घेऊन कमी आरपीएमला चढताना पिस्टन वर पोचायच्या आतच डिझेल पेटून दाब वाढतो, तो पिस्टनच्या डोक्यावर बसतो. मग हेड गॅसकेट, बेअरिंग. स्पीड वाढेल तसं टायमिंग पुढं घ्यायची सोय रोटरी पंपाच्या पोटातच असते, आपण हातानं सेट करतो ते फक्त मूळ टायमिंग.

आता कर एवढंच. पंपाचं फ्लॅंज, म्हणजे पंप इंजिनला जोडतात ती कड, डिझेलच्या फडक्यानं पूस आणि बॅटरी मारून बघ. फ्लॅंजवर एक खूण असते, इंजिनच्या बाजूला दुसरी. जुळतात काय सांग. पंप ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट बॉडी वळवलेली असली तर अ‍ॅडव्हान्स. आणि एअर फिल्टर काढून उन्हात धर.

निपाणी ते संकेश्वर
काका बोलले त्यात मी काय भर घालणार. फक्त एक, तवंदी घाट चढायचं टेन्शन नसतं, उतरायचं असतं. मिक्सरला स्वतःचा ब्रेक नसतो हे ध्यानात असू दे. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर.

खानापूरचा स्लॅबवाला
काका, खुणा जुळत नाहीत! काडेपेटीच्या काडीएवढा फरक आहे, आणि कुणीतरी छन्नीनं शेजारी दुसरी रेघ मारून ठेवलीय. आयडलला खडखड आहेच, मला वाटायचं जुनं डिझेल असंच वाजतं.

पंपरूमवाले काका
म्हणजे आधीच पुढं घेतलेली गाडी तू अजून पुढं घ्यायला निघालास! छन्नीची रेघ विसर, आणि कानानंही सेट करू देऊ नकोस. पंपाच्या पाठीमागं चार पाइपांच्या मधला बोल्ट काढून डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजायचं काट्याचं मीटर, लावतात. इंजिन उलटं फिरवत काटा थांबला की शून्य करायचं, मग सरळ दिशेनं एक नंबरचा पिस्टन टॉपला आणून प्लंजर, म्हणजे पंपातला डिझेल ढकलणारा दांडा, किती उचलला ते वाचायचं. आकडा तुझ्या इंजिनच्या मॅन्युअलमधला, शेजारच्या गाडीचा नव्हे. डिझेल फवारणारी नोझलही प्रेशरवर तपासून घे. नोझल गळत असेल तर टायमिंग कितीही मिळव, धूर जात नाही.

खानापूरचा स्लॅबवाला
आठ दिवसांनी लिहितोय. बेळगावच्या उद्यमबागेत डायल लावून टायमिंग जाग्यावर आणलं. दोन नोझल गळत होती, तीही केली. पण खरी लाज एअर फिल्टरची. आपटला तर वाटीभर सिमेंट पडलं! मिक्सरच्या धुरळ्यात गाडी लावून मीच वर्षभर तिला सिमेंट खायला घालत होतो की.

काल परत कणकुंबीला गेलो. दुसऱ्यातच चढली, पण काटा निम्म्यावर आणि आरशात मागचा मिक्सर दिसत होता. आता पोती फोडायच्या आधी वारं कुठलं आहे ते बघतो, मग गाडी लावतो.