सरकार बदलत असताना देशाची राखण कोण करतं?

खाडीकाठचा, श्रीवर्धन
ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरला बेवारस बोट लागली, आत तीन एके-47, आठवतंय ना? दहीहंडीचा आदला दिवस, आमच्या तिठ्यावर नाकाबंदी, मासळीच्या टेम्पोतला बर्फसुद्धा उपसून बघत होते. नंतर कळलं ओमानकडे बंद पडलेली बोट वाहत आली, घातपात नव्हता. पण मला दुसरंच खटकलं. राज्यात शिंदे सरकार आलं 30 जूनला, महिनाभर दोनच मंत्री, खातेवाटप 14 ऑगस्टला, बोट 18 ला. आठवडाभर आधी लागली असती तर गृहखात्याला वेगळा मंत्रीच नव्हता! सत्तांतरात संरक्षण, परराष्ट्र, गृह यांचा चार्ज कसा द्यायचा ते कायद्यानेच ठरवा. अमेरिकेत 1963 पासून तसा कायदा आहे.

बंदरकर, रत्नागिरी
दादा, मंत्री नव्हता म्हणून गस्त थांबली का? कोस्ट गार्ड केंद्राचं, ते चालूच असतं. वाजपेयींचं सरकार 17 एप्रिल 1999 ला एका मताने पडलं आणि कारगिल झालं त्यानंतर, म्हणजे युद्ध लढलं काळजीवाहू सरकारने. 26 मेपासून विमानं वापरली, एलओसी, म्हणजे काश्मीरमधली ताबारेषा, ओलांडायची नाही हे ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं. अणुचाचणीचंही तेच, नरसिंह राव यांच्या काळात 1995 ला तयारी झाली, अमेरिकेने सॅटेलाइटवरून पकडलं म्हणून थांबली, मग इतकी सरकारं आली गेली तरी 11 मे 1998 ला झालीच ना? वाजपेयींना येऊन दोन महिनेही झाले नव्हते.

हर्णैची
जिथे जमलं तेवढंच सांगताय तुम्ही. व्ही. पी. सिंगांचा शपथविधी 2 डिसेंबर 1989 ला, 8 तारखेला श्रीनगरात गृहमंत्र्यांच्याच मुलीला पळवलं आणि 13 ला पाच अतिरेकी सोडावे लागले. नव्या सरकारला श्वास घ्यायलाही वेळ नव्हता. आणि आपलं श्रीवर्धनजवळचं शेखाडी? 1993 ला तिथे आरडीएक्स, म्हणजे स्फोटकं, उतरलं, 6 मार्चला राज्यात मुख्यमंत्री बदलले, 12 ला मुंबईत स्फोट, 257 माणसं गेली.

बंदरकर, रत्नागिरी
ताई, शेखाडीचं पाप सत्तांतराच्या माथी नको. माल फेब्रुवारीत उतरला तेव्हा दिल्लीत आणि मुंबईत दोन्हीकडे सरकार होतं. कस्टम आणि पोलिसातली माणसं फितूर होती, कोर्टाने शिक्षाही दिल्यात. पैसे खाऊन डोळे मिटणाऱ्याला कुठला कायदा अडवणार?

खाडीकाठचा, श्रीवर्धन
शेखाडीचं मान्य, तिथे माझा मुद्दा लागू नाही. पण कारगिलचं अर्धंच सांगितलंत. लोकसभा बरखास्त होती, विरोधकांनी राज्यसभेचं खास अधिवेशन मागितलं, ते दिलं नाही. पोरं डोंगरावर मरत होती आणि सरकारला जाब विचारायला संसदच बसली नाही, हे मला आजही पटत नाही. आणि खालचं सांगू का, आमच्या जेट्टीवर मागे नवे साहेब आले तेव्हा कुठल्या बोटीवर कोण तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, कोण खलाशी परगावचा, ही जुन्या साहेबांची वही कपाटात होती आणि किल्ली सापडायला आठवडा गेला. तेवढे दिवस बोटी तशाच जात होत्या.

बंदरकर, रत्नागिरी
वहीचं पटलं, ते भयंकरच आहे. पण त्याला कायदा कशाला, जुन्या साहेबांना दोन दिवस जास्त थांबवलं असतं तरी झालं असतं.

खाडीकाठचा, श्रीवर्धन
थांबवणार कोण? ऑर्डर आली की माणूस सामान बांधून दुसऱ्या दिवशीच्या एसटीला असतो.