एस्टोनियाचा राष्ट्राध्यक्ष: ६८ मतं पडलीच नाहीत तर?

पाटी_पेन्सिल: एस्टोनियाच्या संसदेत १०१ सदस्य आणि राष्ट्राध्यक्ष निवडायला दोन तृतीयांश, म्हणजे ६८ मतं लागतात. तेवढी कुणालाच पडली नाहीत तर पुढे काय होतं? शिवाय १९९२ मध्ये जनतेने थेट मतदान केलं होतं म्हणतात, ते खरं का?

तिसरी_फेरी: संसदेत, म्हणजे रीगीकोगूत, तीन फेऱ्या होतात. उमेदवार उभा करायला किमान २१ सदस्य लागतात आणि एका सदस्याला एकाच नावाला पाठिंबा देता येतो. पहिली फेरी फसली की दुसऱ्या दिवशी नव्याने नावं मागवून दुसरी. तीही फसली तर त्याच दिवशी आघाडीच्या दोघांत तिसरी.

मेख अशी की दोन तृतीयांश मोजायचे ते एकूण १०१ पैकी, हजर असलेल्यांपैकी नव्हे. त्यामुळे कोरी मतपत्रिका टाकणं म्हणजे विरोधात मत देण्यासारखंच. २०२१ मध्ये आलार कारिस एकटेच रिंगणात होते, तरी पहिल्या दिवशी ६३ वर अडकले. दुसऱ्या दिवशी ७२ मिळाली.

तिन्ही फेऱ्या वाया गेल्या की सभापती महिन्याभरात निर्वाचक मंडळ बोलावतात. त्यात सगळे खासदार आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी. तिथे ६८ ची अट नाही, मतदानात भाग घेणाऱ्यांचं साधं बहुमत चालतं.

घटनेचा_कीस: तिथेही घोडं अडतं! २०१६ मध्ये मंडळात ३३५ जण होते. दुसऱ्या, शेवटच्या फेरीत सीम कल्लास १३८, अल्लार योक्स १३४, उरलेल्या बहुतेक मतपत्रिका कोऱ्या. निम्म्यापलीकडे कुणीच नाही. अशा वेळी चौदा दिवसांत प्रकरण परत संसदेकडे जातं. पक्षांनी आधीची नावं बाजूला ठेवून केर्स्ती काल्युलाइद यांना पुढे केलं आणि त्या ८१ मतांनी निवडून आल्या.

आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत असा पेच पडत नाही, कारण मतपत्रिकेवर पसंतीक्रम असतो. तळाचा उमेदवार बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला दिली जातात, निकाल लागतोच. एस्टोनियात दुसरी पसंती नाही.

पाटी_पेन्सिल: आणि १९९२?

तिसरी_फेरी: अर्धं खरं. सप्टेंबर १९९२ मध्ये लोकांनी मतदान केलं, आर्नोल्ड रूटेल पुढे होते, पण निम्मी मतं कुणालाच नाहीत. मग पहिल्या दोघांतून नव्या रीगीकोगूने लेनार्ट मेरींना निवडलं. ती सोय फक्त त्या एका निवडणुकीपुरती होती.

घटनेचा_कीस: थेट निवडणूक कायमची का ठेवली नाही, त्याचं मूळ १९३४ मध्ये आहे. नव्या घटनेने राज्यप्रमुखाला भरपूर अधिकार दिले होते. तेच वापरून कॉन्स्टान्टिन पॅट्स यांनी आणीबाणी लादली आणि निवडणुका गुंडाळल्या. म्हणून १९९२ च्या घटनेत सूत्रं पंतप्रधानाकडे. राष्ट्राध्यक्ष कायदा परत पाठवू शकतात, पण संसदेने तोच पुन्हा मंजूर केला तर एकतर सही करायची, नाहीतर सर्वोच्च न्यायालयात जायचं. तेव्हा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एस्टोनियाची पद्धत ‘अर्धअध्यक्षीय’ (राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्यात सत्ता वाटलेली) असं लिहू नका, मार्क जातील.