अमळनेरचं घर आणि फिरलेलं गिऱ्हाईक

ताई, तोंडी होकार दिलेलं गिऱ्हाईक ऐनवेळी फिरलं आणि तेव्हापासून तुम्हाला झोप नाही, हे वाचून जीव कळवळला. आमचं चाळीसगावचं घर विकताना आम्हीही यातून गेलोय. सगळ्यात जास्त लागतं ते लोकांचं बोलणं. मागच्या पडवीत आई खापरावर मांडे करायची, तिथली भिंत धुराने काळी झालेली. येणारा जो तो तिच्याकडे बोट दाखवून भाव पाडायचा. शेवटी घर दाखवायचं काम चुलतभावाकडे दिलं. तुम्हीही तेच करा, अगदी मनापासून सांगते.

नुसत्या इसारपावतीवरही (आगाऊ रकमेच्या पावतीवर) थांबू नका. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवून घ्या, उरलेली रक्कम कधीपर्यंत द्यायची ते त्यात लिहा. वडिलांच्या पश्चात मालमत्ता पत्रकावर (मालकीच्या सरकारी नोंदीवर) सगळ्या वारसांची, बहिणींचीसुद्धा, नावं लागलीत का ते आधी बघा. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर बँकेचा वकील तेच विचारतो, आणि कित्येक व्यवहार तिथेच अडतात.

पितृपक्षात फोन वाजला नाही तर घाबरून भाव उतरवू नका. आपल्याकडे तेव्हा कोणी बोलणी करत नाही. दसऱ्यानंतर, कापसाचे पैसे हाती आले की विचारणा पुन्हा सुरू होते.

कराचं म्हणाल, तर २३ जुलै २०२४ पूर्वीपासून मालकीच्या असलेल्या घराच्या विक्रीतून होणाऱ्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांक लावून (मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्के, यातला कमी पडेल तो कर भरता येतो. दोन्ही आकडे सीएकडून आधीच काढून घ्या.