धनुष्यासाठी मळ्यातलं लाकूड : धामण की वावळ?

गिरणारेकर
नमस्कार मंडळी, मागच्या पावसाळ्यात वादळात आमच्या बांधावरचं एक झाड पडलं, त्याचे साडेसहा फुटी दोन सरळ ओंडके मी पडवीत उभे करून ठेवलेत, जाडी मांडीएवढी. मला त्यातून एकाच लाकडाचं धनुष्य करायचंय, पट्ट्या न चिकटवता. आता वडील म्हणतात ही धामण, शेजारचे काका म्हणतात वावळ. बुंध्याला नवे फुटवे आलेत, त्यांच्या पानांची कड दातेरी आहे. यूट्यूबवर सगळे यू नाहीतर ओसेज ऑरेंज ही परदेशी झाडं सांगतात, ते नाशकात कुठून आणू? मळ्यात बाभूळ, सुबाभूळ, चिंचही आहे. ओळखायचं कसं आणि कुठलं घेऊ, प्लीज सांगा.

रानपान
दादा, फुटव्याच्या पानावरून ठरवू नका. मोठ्या वावळीच्या पानाची कड साधी असते पण कोवळ्या फुटव्यांची पानं दातेरी येतात, तिथेच लोक फसतात. पान चुरगळून वास घ्या, वावळीला घाण वास येतो. मग पानाचा देठाकडचा भाग बघा. धामणीत तो दोन्हीकडे सारखा नसतो, एक बाजू जास्त खाली उतरलेली असते आणि देठापासूनच चार-पाच शिरा फुटतात. सगळ्यात सोपं म्हणजे फळ आठवा. वावळीचं चपटं गोल, पापुद्र्यासारखं, मध्ये बी, उन्हाळ्यात वाऱ्याने अंगणभर उडतं. धामणीचं वाटाण्याएवढं, पिकल्यावर काळं, पोरं खातात.

गिरणारेकर
वास काहीच येत नाही. आणि फळं आम्ही लहानपणी खायचो की, काळी, बारकी! देठाकडचं पान तुम्ही म्हणता तसंच वाकडं आहे.

रानपान
मग धामणच. वडील बरोबर.

रंधा_पंचवटी
दादा नशीबवान आहात. धामण म्हणजे कुऱ्हाडीच्या दांड्याचं, बैलगाडीच्या दांडीचं लाकूड, चिवट आणि लवचीक, आपल्या भागात धनुष्याला त्याहून चांगलं झाड मला तरी सापडलं नाही. पण नुसत्या नावावर जाऊ नका. मी पहिलं धनुष्य वखारीतून आणलेल्या सागाच्या पट्टीचं केलं, दिसायला अप्रतिम, आणि अर्ध्या ओढीतच मधून तुटलं, कारण पट्टी करवतीने कापलेली होती आणि रग, म्हणजे लाकडाच्या तंतूंची रेषा, तिरकी जाऊन पाठीवर बाहेर निघत होती. धनुष्याची पाठ म्हणजे निशाण्याकडची बाजू, ती ताणली जाते, आणि आपल्याकडची बाजू म्हणजे पोट, ते दाबलं जातं. पाठीवर रग तुटली की तिथूनच चीर उठते. म्हणून ओंडका करवतीने न चिरता पाचर ठोकून फाडा, तो स्वतःच्या रगेने फाटतो आणि आत पीळ आहे का ते लगेच कळतं. सहा फुटात पाव वळणाच्या वर पीळ असेल तर तो ओंडका कुऱ्हाडीच्या दांड्यांना ठेवा, धनुष्याला नको. पाठीकडे गाठ असेल तरी तेच.

दुसरं, साल तशीच ठेवून उभे केलेत ना? टोकांना चिरा गेल्या असतील. त्या भागाइतकं कापून टाका, आजच टोकांना ऑइल पेंट नाहीतर फेविकॉलचा जाड थर द्या, कारण पाणी टोकांतून सगळ्यात लवकर निघतं आणि तिथंच लाकूड फाटतं. फाडल्यावर साल काढा आणि सावलीत वाळू द्या, पत्र्याखाली एप्रिलच्या उन्हात अजिबात नको. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा, वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. ओल्या लाकडाचं धनुष्य ओढलं तसंच वाकडं राहतं.

लांबी साडेपाच फुटाच्या वर ठेवा, पहिलं धनुष्य ओढायला तीस-पस्तीस पाउंड जोर लागेल एवढं पुरे. पोटाकडूनच तासा, पाठीला रंधा लावू नका. धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारखे वाकेपर्यंत पूर्ण ओढायचं नाही, आणि बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही.

बाभूळ कठीण आहे पण सरळ, बिनगाठीची सहा फूट सापडणं अवघड, आणि ती जड असल्यामुळे हात संथ परततात. सुबाभूळ सरावाला वापरा, मोडली तर दुःख नाही. तुतीचं झाड कुणाकडे असेल तर नजर ठेवा, ती ओसेज ऑरेंजच्याच कुळातली आहे.

सुरगाणा_माळ
बांबू कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे धनुष्याला बांबूच वापरतात, पण तो मानवेल पाहिजे, भरीव. कळक पोकळ आणि काटेरी, त्याच्या मागे लागू नका. काठी निदान तीन वर्षांची घ्या, कोवळी असेल तर नरम निघते आणि भुंगाही लवकर लागतो, त्याला आतला पिठाचा अंश हवा असतो. वरची कडक साल बाहेर म्हणजे पाठीला ठेवायची, आतून तासायचं, गाठी मात्र सपाट करायच्या नाहीत. दोरीपण बांबूच्याच सालीची करतात आमच्या इथं.

आणि दादा, तुमचं झाड पडलेलं होतं ते बरं झालं, पण वाचणाऱ्या बाकीच्यांनी पेठ-हरसूलच्या जंगलात जाऊन उभी धामण तोडू नका, तिची फळं पाखरं खातात, शिवाय वनखात्याचा विषय आहे. नाशिक शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड पाडायलाही महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे तसा. खासगी शेतातल्या बांबूचं वेगळं, २०१७ च्या दुरुस्तीनंतर वन कायद्यात तो झाड धरत नाहीत.

गिरणारेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पाचर ठोकली. एक ओंडका अगदी सरळ फाटला, वरून खालपर्यंत एकाच रेषेत, दुसऱ्यात पीळ निघाला तो दांड्यांना काढलाय. सरळ फाळीला पेंट लावून घरात आडवी ठेवलीय, वजन आत्ता चार किलो सहाशे, दर रविवारी इथं टाकत जातो. मानवेलची एक काठीपण बघतोय तोपर्यंत.

रंधा_पंचवटी
छान. दोन टोकांना आणि मध्ये टेकू द्या, नाहीतर वाळताना स्वतःच्या वजनाने वाकेल. पाठीकडची साल काढताना वासला (तासायचं हत्यार) नको, बोथट सुरी घ्या.